टेबल १७: बुकिंग फॉर्ममध्ये भरलेल्या जागा बंद करतानाच्या नोंदी

पुण्यातल्या पेठेतली एक अभ्यासिका. चार रांगा, रांगेत अकरा, एकूण ४४ टेबलं. दिवसाच्या तीन पाळ्या: सकाळी ६ ते १२, दुपारी १२ ते ६, संध्याकाळी ६ ते ११. आजवर सगळा कारभार वहीवर. मुलांनी फोन करायचा, "काका, उद्या सकाळी जागा आहे का?" आणि काकांनी रकान्यांवरून बोट फिरवत उत्तर द्यायचं.

मला सांगितलेलं काम एका वाक्यात मावत होतं. तारीख आणि पाळी निवडली की टेबलांच्या यादीतली भरलेली टेबलं राखाडी दिसावीत आणि ती निवडता येऊ नयेत. पैसे ठरले ₹६,०००. माझा अंदाज दीड दिवस.

साधं एचटीएमएल, साधी जावास्क्रिप्ट, मागे सर्व्हरवर पीएचपी आणि एसक्यूलाइट डेटाबेस. कोडमधली नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत; एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने लिहा.

सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

पहिला विचार: बंद कशाला करायची, भरलेली टेबलं यादीतून काढूनच टाकू. यादीवर लूप फिरवला, भरलेलं टेबल दिसलं की रिमूव्ह. चाचणीसाठी ४, ५, ६, ७ ही टेबलं भरलेली धरली होती. यादीतून ४ आणि ६ गेली, ५ आणि ७ तशीच राहिली.

कारण असं की सिलेक्टची (खाली उघडणाऱ्या यादीची) ऑप्शन्स, म्हणजे तिच्यातले पर्याय, ही यादी जिवंत असते. ४ काढलं की ५ त्याच्या जागी सरकतं, आणि लूप तोवर पुढच्या क्रमांकावर गेलेला असतो. उलटीकडून, शेवटून पहिल्याकडे लूप फिरवला की प्रश्न मिटतो. यात अर्धा तास गेला.

मग वाटलं, काढण्यापेक्षा सीएसएसने लपवू. डिस्प्ले नन. माझ्या लॅपटॉपवर झकास. मित्राच्या जुन्या आयफोनवर सगळी ४४ टेबलं डोळ्यांसमोर, आणि निवडताही येत होती. तो मार्ग तिथेच सोडला.

काकांना काढलेली यादी दाखवली तर ते म्हणाले, "अरे, सतरा नंबर गेला कुठे? टेबल मोडलंय असं वाटेल पोरांना." बरोबर होतं. रिकामं काय आहे एवढंच नको, भरलेलं काय आहे तेही दिसायला हवं. म्हणजे डिसेबल्डच: दिसेल, पण निवडता येणार नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रत्येक ऑप्शनला सेटॲट्रिब्यूटने डिसेबल्ड लावलं. भरलेलं असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स. पान उघडलं तर ४४च्या ४४ राखाडी.

चाळीस मिनिटं मी सर्व्हरकडून आलेला डेटा तपासत बसलो. डेटा ठीक होता. चूक अशी की डिसेबल्ड हे ॲट्रिब्यूट नुसतं असलं तरी पुरतं. त्यात लिहिलेली किंमत कोणी वाचत नाही. डिसेबल्ड बरोबर फॉल्स असं लिहिलं तरी ऑप्शन बंदच. चालू करायचं तर ते ॲट्रिब्यूट काढावं लागतं, किंवा सरळ प्रॉपर्टी वापरायची:

ऑप्शन.डिसेबल्ड = ट्रू किंवा फॉल्स

जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) वापरणाऱ्यांनी याच कारणासाठी ॲटर सोडून प्रॉप वापरावं. ही सोय १.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे, पण जुनी उदाहरणं उचलून चिकटवणारे (मीही त्यातलाच) अजून ॲटरच लिहितात.

बुधवार, ७ ऑगस्ट

आजचा दिवस फुकट गेला, म्हणून नीट लिहितो.

काकांच्या पुतण्याने चालू बुकिंगची एक्सेल शीट पाठवली होती. त्यात टेबलांची नावं काका म्हणतात तशी: "४ – पहिल्या रांगेत", "१७ – दुसऱ्या रांगेत". माझ्या यादीतही ऑप्शनचा मजकूर हाच. मी मजकुराशी मजकूर ताडून पाहिला. पहिली रांग बरोबर राखाडी होत होती. चौथी रांगही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेतलं मात्र एकही टेबल बंद होईना. १७ नंबर शीटमध्ये भरलेला, पडद्यावर ढळढळीत रिकामा.

मोकळ्या जागा छाटून पाहिल्या. डॅश दोन प्रकारचे असतात म्हणून डॅश बदलले. शीट दोनदा मागवली. पुतण्याला फोन करून "तू काहीतरी वेगळं टाइप केलंस" असं ऐकवलंही, त्याबद्दल नंतर सॉरी म्हणालो. साडेतीन तासांनी दोन्ही मजकुरांची लांबी छापून पाहिली. दिसायला एकसारखे, पण एक दुसऱ्यापेक्षा एका अक्षराने लांब.

"दुसऱ्या" आणि "तिसऱ्या" या शब्दांत ऱ आहे. "पहिल्या", "चौथ्या"मध्ये नाही. हा ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध एक चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर फरक शून्य. त्याच्या फोनच्या कीबोर्डने एक प्रकार टंकला, माझ्या लॅपटॉपने दुसरा. दोन्ही बाजूंना नॉर्मलाइज (एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसंध रूप) केलं की दोन्ही एकसंध ऱ होतात आणि जुळतात.

तेवढ्यावर थांबलो नाही. दाखवायचा मजकूर हा ओळख पटवायला वापरायचाच नव्हता, ही मूळ चूक. प्रत्येक ऑप्शनच्या व्हॅल्यूमध्ये आता नुसता टेबल क्रमांक आहे, तोही इंग्रजी आकड्यांत, कारण नंबर या फंक्शनला देवनागरी "१७" दिलं तर ते "हा आकडाच नाही" म्हणतं.

हे केल्यावर एकही टेबल राखाडी होईना! सर्व्हरकडून क्रमांक आकडे म्हणून येत होते आणि ऑप्शनची व्हॅल्यू कायम मजकूर असते. भरलेल्या क्रमांकांचा सेट (संच) केला होता. सेटच्या दृष्टीने आकडा सतरा आणि मजकूर सतरा हे दोन वेगळे. सेट भरतानाच सगळं मजकुरात बदललं. शेवटी उभी राहिलेली ओळ:

फॉर (कॉन्स्ट ऑ ऑफ यादी.ऑप्शन्स) ऑ.डिसेबल्ड = भरलेली.हॅज(ऑ.व्हॅल्यू)

शुक्रवार, ९ ऑगस्ट

चार मुलांच्या फोनवर चाचणी. मी ऑप्शनला दिलेले रंग लॅपटॉपपुरतेच, कारण फोनवर यादी ब्राउझर दाखवत नाही, फोनची स्वतःची खिडकी उघडते. तिथला राखाडी इतका फिका की उन्हात बंद आणि चालू यात फरकच कळेना. एक मुलगी १७वर पाच-सहा वेळा टिचक्या मारून म्हणाली, "फॉर्म हँग झालाय." ऑप्शनला टायटल (माउस वर नेला की दिसणारी ओळ) देऊन कारण लिहिलं होतं, पण बोटाला होव्हर नसतो. ते वाया.

उपाय: मजकुरातच लिहायचं, "१७ – दुसऱ्या रांगेत (भरलेलं)". रंग दिसो न दिसो, शब्द दिसतो.

दोन तासांनी काकांचा स्क्रीनशॉट: "१७ – दुसऱ्या रांगेत (भरलेलं) (भरलेलं) (भरलेलं) (भरलेलं)". तारीख बदलली की मी दर वेळी आधीच्याच मजकुराला शेपूट जोडत होतो. आणि टेबल रिकामं झालं तरी शेपूट तसंच. मूळ नाव प्रत्येक ऑप्शनच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये एकदाच ठेवलं आणि दर वेळी मजकूर त्यावरून नव्याने बांधला.

चाचणीसाठी एक जुना अँड्रॉइड फोन ₹१,५००ला घेतला. हे पैसे माझे.

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी काकांचा फोन. "बुकिंग आलंय, पण टेबल नंबरच नाही." टेबलाचा रकाना रिकामा. नाव, तारीख, पाळी सगळं होतं.

टेबलाच्या यादीला रिक्वायर्ड (निवडल्याशिवाय फॉर्म जात नाही) लावलेलं होतं. टेबल न निवडता फॉर्म जातोच कसा? मी स्वतः रिकामा पाठवून पाहिला, ब्राउझरने अडवलं. म्हणजे मुलाने टेबल निवडलंच होतं.

दुपारपर्यंत उलगडा झाला. दर ३० सेकंदांनी मी भरलेल्या टेबलांची यादी ताजी करतो. मुलाने ९ नंबर निवडला आणि तो नाव टंकत बसला. तेवढ्यात काकांनी फोनवर आलेल्या दुसऱ्याला तेच टेबल दिलं. यादी ताजी झाली आणि ९ डिसेबल्ड झालं, पण *निवडलेलंच राहिलं*. कोडने एखादा ऑप्शन बंद केला म्हणून त्याची निवड सुटत नाही. पडद्यावर ९ दिसतोय, सिलेक्टची व्हॅल्यू विचारली तर ती ९ सांगते. रिक्वायर्डची तपासणीही "काहीतरी निवडलंय, आणि ते पहिलं रिकाम्या व्हॅल्यूचं ऑप्शन नाही" एवढंच पाहते, म्हणून पास. पण फॉर्म पाठवताना ब्राउझर बंद ऑप्शन गाळतो. सर्व्हरपर्यंत टेबलाचा रकाना पोचतच नाही. कुठे लाल अक्षर नाही, कन्सोलमध्ये चूक नाही.

मी कन्सोलमध्ये सारखी सिलेक्टची व्हॅल्यू छापत होतो आणि ती बरोबरच येत होती, म्हणून इतका वेळ लागला. फॉर्मडेटा (फॉर्म प्रत्यक्षात जे पाठवणार ते) बनवून छापला तेव्हा टेबल गायब दिसलं. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी फॉर्मडेटा छापा.

दुरुस्ती: लूप संपल्यावर निवडलेला ऑप्शन बंद आहे का पाहायचं, असेल तर सिलेक्टची व्हॅल्यू रिकामी करायची, म्हणजे "टेबल निवडा" हे पहिलं ऑप्शन परत येतं आणि रिक्वायर्ड आपलं काम करतं. शिवाय खाली एक ओळ: "तुम्ही निवडलेलं टेबल ९ आत्ताच भरलं. दुसरं निवडा." ही ओळ नसेल तर मुलाला वाटतं आपणच विसरलो.

जाता जाता: माझा लूप "टेबल निवडा" या ऑप्शनलाही धरत होता, आणि ते भरलेल्यांत नसल्याने त्याला चालू करत होता. लूप आता दुसऱ्या ऑप्शनपासून. यादीची मोजणी शून्यापासून, त्यामुळे त्याचा क्रमांक १.

सोमवार, १२ ऑगस्ट

तारीख पटापट बदलली की कधीकधी भलत्याच दिवसाची टेबलं राखाडी होत. १३ तारखेची विचारणा सर्व्हरवर रेंगाळायची, १४ची आधी परत यायची आणि मग १३चं उशिरा आलेलं उत्तर तिच्यावर लिहिलं जायचं. नवी विचारणा करताना जुनी अबॉर्टकंट्रोलरने तोडली. उत्तर येईपर्यंत अख्खं सिलेक्ट बंद. दीड तास.

बुधवार, १४ आणि गुरुवार, १५ ऑगस्ट

पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी एका मुलाचा काकांना फोन: "आजच्या तिन्ही पाळ्या बंद दिसतायत." काकांनी मला ९ वाजता सांगितलं. मी उघडलं, सगळं व्यवस्थित. काका म्हणाले, "झोपेत असेल." मीही तेच म्हणालो. कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फोन, आता दुसऱ्या मुलाचा. दोन मुलं एकाच झोपेत कशी असतील? चाचणीच्या फोनचं घड्याळ हाताने ५:१० केलं आणि फॉर्म उघडला. तारखेच्या रकान्यात आदल्या दिवसाची तारीख. कालच्या पाळ्या संपलेल्या, म्हणून तिन्ही बंद. कोड आज्ञाधारकपणे बरोबर वागत होता.

आजची तारीख मी टूआयएसओस्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं घेऊन भरत होतो. ते फंक्शन वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० आपल्याकडे नवा दिवस असतो आणि त्याच्या लेखी कालचा. ऑफिसच्या फॉर्ममध्ये हे वर्षानुवर्षं कळणार नाही. अभ्यासिकेची गिऱ्हाइकं मात्र नेमकी याच वेळी उठतात. वर्ष, महिना, दिवस स्थानिक वेळेतून वेगवेगळे काढून जोडले (महिना शून्यापासून मोजला जातो, एक मिळवायला विसरू नका). पीएचपीमध्येही टाइमझोन एशिया-कोलकाता असा स्पष्ट लिहिला.

शनिवार, १७ ऑगस्ट

"पुसा" बटण. फॉर्म रिसेट केला की निवड मूळ जागी जाते, पण कोडने लावलेलं डिसेबल्ड जात नाही. तारीख रिकामी, तरी टेबलं राखाडी. रिसेटच्या इव्हेंटमध्ये साफसफाई लिहिली तर तीही अर्धवट, कारण तो इव्हेंट पुसण्याच्या आधी येतो. सेटटाइमआउट शून्य लावून नंतर चालवली. मग बटणच काढून टाकलं. कोणी विचारलं नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, घरी नारळीभात, आणि काकांचा मेसेज: टेबल ४४ची एकाच पाळीत दोन बुकिंग. ४४ म्हणजे कोपऱ्यातलं, पंख्याखालचं, ज्याच्यासाठी भांडणं होतात ते.

दुसरं बुकिंग करणारा मुलगा प्रामाणिक निघाला. इंजिनिअरिंग झालेला. त्याने ब्राउझरचं इन्स्पेक्ट उघडून डिसेबल्ड हा शब्द खोडला आणि टेबल घेतलं. "सर, चालतंय का ते बघत होतो." चाललं. सर्व्हरवर मी काहीच तपासत नव्हतो. राखाडी रंगाच्या भरवशावर होतो.

तारीख, पाळी आणि टेबल या तिघांवर मिळून एसक्यूलाइटमध्ये यूनीक इंडेक्स टाकला. आता दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, सर्व्हर ४०९ (टक्कर झाल्याचा कोड) परत पाठवतो आणि पान यादी ताजी करून ११ तारखेचाच निरोप दाखवतं. "आधी रिकामं आहे का विचार, मग लिही" असं पीएचपीत लिहिलं होतं, ते काढलं. त्या दोन पायऱ्यांमध्ये तिसरा घुसू शकतो. हे सगळं चार तासांचं काम, आणि पहिल्या दिवशी करायचं होतं.

गुरुवार, २२ आणि शुक्रवार, २३ ऑगस्ट

एमपीएससीची २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली. त्याच दिवशी बँकेची आयबीपीएस परीक्षा असल्याने पुण्यात मुलं आंदोलनाला बसली होती, गुरुवारी आयोगाने निर्णय दिला. संध्याकाळपासून अभ्यासिकेत रद्द करण्याची रांग. अर्धी मुलं गावाला निघाली, उरलेल्यांना त्यांची टेबलं हवीत.

इतके दिवस माझा फॉर्म फक्त बंद करणं शिकला होता. उघडण्याची वेळ आजच आली, आणि दोन ठिकाणी अडकला.

एक, ३० सेकंदांच्या ताज्या यादीत मी हुशारी केली होती: सगळ्या ४४ ऑप्शनना कशाला हात लावायचा, नव्याने भरलेलीच बंद करू. परिणामी रद्द झालेलं टेबल पान पुन्हा उघडेपर्यंत राखाडीच. ४४ ऑप्शनचा लूप चालवायला फोनला काहीच लागत नाही. ७ तारखेची ओळ दोन्ही दिशांनी काम करते. तीच परत आणली.

दोन, रद्द केलेली नोंद मी पुसत नाही, "रद्द" अशी खूण करतो, कारण काकांना हिशोब लागतो. पण यूनीक इंडेक्सला रद्द-बिद्द कळत नाही. यादीत टेबल रिकामं, निवडलं की ४०९, "हे टेबल आत्ताच भरलं", यादी ताजी, पुन्हा रिकामं. एक मुलगी याच चक्रात आठ वेळा फिरली आणि शेवटी जिना चढून वर आली. इंडेक्स टाकून दिला आणि "रद्द नसलेल्या नोंदींपुरता" अशी वेअरची अट लावून नवा केला. एसक्यूलाइटच्या ३.८.० पासून ही सोय आहे, होस्टिंगवरची आवृत्ती आधी पाहून घ्या.

शिवाय बुकिंग झाल्यावर मागे जायचं बटण दाबलं की ब्राउझर जुनं पान जसंच्या तसं काढून देतो, त्यात नुकतंच घेतलेलं टेबल चालू दिसतं. पेजशो या इव्हेंटवर यादी परत मागवली.

रविवार, २५ ऑगस्ट

बेरीज: ३० तास. अंदाज होता १२चा. त्यातले डिसेबल्ड लावण्याचे खरे तास तीन असतील.

एक मागणी उभी आहे. एका विद्यार्थ्याला दिसत नाही, तो टॉकबॅकवर (पडदा वाचून दाखवणाऱ्या फोनच्या सोयीवर) यादी ऐकतो. "भरलेलं" हा शब्द मजकुरात असल्याचा त्याला उपयोग होतो, पण चौथ्या रांगेतलं टेबल गाठायला त्याला चाळीस नावं ऐकावी लागतात. त्याला बंद टेबलं नकोच आहेत, काकांना ती हवीच आहेत. यादीच्या वर "फक्त रिकामी दाखवा" अशी चौकट देणार आहे. म्हणजे ५ तारखेला टाकून दिलेला रिमूव्हचा कोड परत काढावा लागेल. उलटा लूप.

आणि संध्याकाळी काकांचा फोन: टेबल १७चा पाय मोडला, सुतार मंगळवारी येणार, तोवर कोणाला देऊ नकोस. हाताने बंद केलं तर फॉर्म "भरलेलं" म्हणतो आणि शेजारचा मुलगा पाहतो की तिथे कोणीच बसलेलं नाही. भरलेल्या क्रमांकांच्या सेटऐवजी आता क्रमांक आणि कारण असा मॅप करतोय: भरलेलं, दुरुस्तीत, राखीव. सोमवारी चढवेन.